चाळीस चार्ट शिकू का?

पत्र : मी संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. डेटा ॲनालिस्टच्या मुलाखतीत एक्सेलची फाईल दिली आणि 'यातून काय दिसतं ते अर्ध्या तासात दाखवा' म्हणाले. नऊ विभागांच्या बारा महिन्यांच्या तक्रारी होत्या. मी थ्रीडी पाय चार्ट (फोडी पाडलेलं वर्तुळ) काढला, रंगही छान दिले. त्यांनी विचारलं, 'दुसऱ्या क्रमांकावर कोणता विभाग?' मला चटकन सांगता आलं नाही. निवड झाली नाही. चाळीस प्रकारचे चार्ट शिकवणारा एक कोर्स आहे, तो करू का? आणि चार्ट-डॅशबोर्ड काढायच्या सॉफ्टवेअरपैकी टॅब्लो शिकू की पॉवर बीआय?

उत्तर : कोर्स नको. तुझं घोडं चार्ट कमी येतात म्हणून अडलेलं नाही. फाईल उघडल्या उघडल्या तू चार्टच्या मेनूत शिरलास. प्रश्न मागाहून आला, तोही समोरच्याने विचारला तेव्हा.

तुझ्याच फाईलकडे बघू. नऊ विभागांची तुलना करायची तर साधा बार चार्ट, उतरत्या क्रमाने लावलेला. दुसरा कोण ते विचारावंही लागत नाही. एका रेषेवरून सुरू होणाऱ्या पट्ट्यांची टोकं डोळ्यांना नेमकी जोखता येतात, पाय चार्टमधले कोन तितके जमत नाहीत. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांच्या १९८४ च्या प्रयोगांत हेच दिसलं होतं. त्यात थ्रीडी केलंस की पुढची फोड उगाच मोठी दिसते. पाय चार्ट वाईटच असतो असं नाही. दोन-तीन भाग असतील आणि 'एकूणपैकी किती' एवढंच सांगायचं असेल, तर खुशाल काढ. गंमत म्हणजे बार चार्ट (१७८६) आणि पाय चार्ट (१८०१) ही दोन्ही विल्यम प्लेफेअर या एकाच माणसाची देणगी.

पण मला जास्त खटकलं ते वेगळंच. तुझ्या पाय चार्टमध्ये बारा महिने गेले कुठे? वर्षाची बेरीज केलीस आणि काळ पुसून टाकलास. एखाद्या विभागाच्या तक्रारी शेवटच्या तीन महिन्यांत दुप्पट झाल्या असतील तर बॉसला तेच हवं असतं. काळानुसार बदल दाखवायचा तर लाइन चार्ट. नऊ रेषा नऊ रंगांत काढल्यास तर गुंता होईल. आठ करड्या ठेव आणि जिच्याबद्दल बोलायचंय ती एकच गडद.

सरासरीवरही डोळे झाकून विसंबू नकोस. तक्रार मिटायला सरासरी तीन दिवस लागतात असं निघालं, तर हिस्टोग्राम (किती दिवसांत किती तक्रारी मिटल्या ते दाखवणाऱ्या पट्ट्या) काढून बघ. कदाचित निम्म्या तक्रारी एका दिवसात मिटत असतील आणि निम्म्या पाच दिवसांत. मग तीन दिवसांत मिटलेली तक्रार एकही नसेल!

दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंध आहे का, हे विचारायचं तर स्कॅटर प्लॉट : एक आकडा आडव्या अक्षावर, दुसरा उभ्या, आणि प्रत्येक नोंदीचा एक ठिपका. इथे मात्र चार्टचा प्रकार बरोबर निवडूनही घात होऊ शकतो. २८ जानेवारी १९८६ ला 'चॅलेंजर' यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, सातही अंतराळवीर गेले. इतक्या थंडीत उड्डाण करावं का, यावर आदल्या रात्रीच चर्चा झाली होती. रॉकेटच्या जोडांमधून गळती होऊ नये म्हणून बसवलेल्या रबरी कड्यांना, म्हणजे ओ-रिंगना, पूर्वी ज्या उड्डाणांत इजा झाली होती तेवढीच मांडली, तर तापमानाशी काही संबंध दिसत नव्हता. चौकशी आयोगाने इजा न झालेली उड्डाणंही त्याच आलेखावर घेतली, तेव्हा चित्र लख्ख झालं : ६३ अंश फॅरेनहाइट किंवा त्याखाली झालेल्या चारही उड्डाणांत इजा, ६६ आणि त्यावरच्या वीसपैकी फक्त तीनांत. तेव्हा कोणत्या ओळी गाळल्या गेल्यात, हे चार्ट काढायच्या आधी बघ. मुलाखतीत तू होऊन ते विचारलंस तर समोरचा सरसावून बसेल.

बार चार्टचा अक्ष शून्यापासूनच सुरू कर. ९६ आणि ९८ हे आकडे ९५ पासून काढलेस तर दुसरी पट्टी पहिलीच्या तिप्पट उंच दिसते. लाइन चार्टला ही सक्ती नाही, कारण तिथे आपण उंची नव्हे, चढउतार वाचतो. दोन बाजूंना दोन वेगळे अक्ष मात्र टाळच. मी नोकरीत नवा असताना असा चार्ट काढला होता. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदत होत्या तिथे साहेबांनी बोट ठेवून विचारलं, 'इथे काय झालं?' काहीच झालं नव्हतं, अक्ष मी तसे लावले होते.

टॅब्लो की पॉवर बीआय? तुला हव्या त्या नोकरीच्या जाहिरातींत ज्याचं नाव जास्त दिसेल ते. एक नीट आलं की दुसरं उचलायला फार वेळ लागत नाही.

या आठवड्यात तीच फाईल आठवून तशीच एक तयार कर आणि चार्टला हात लावायच्या आधी वहीत तीन प्रश्न लिही. प्रत्येकाला एक चार्ट; त्याचं शीर्षक 'विभागनिहाय तक्रारी' असं नको, उत्तरच लिही : 'दोन विभागांतून निम्म्याहून अधिक तक्रारी'. असं शीर्षक सुचलं नाही, तर तो चार्ट काढून टाक. उरतील ते मला पाठव, बघून सांगतो.