विचारा की ओ! : भावाला कुठं ठेवू?

प्रश्न : ताई, माझा भाऊ 26 वर्षांचा आहे, त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे, सर्टिफिकेट काढलेलं आहे. 18 चा झाला, शाळा सुटली, तेव्हापासून घरीच. वडील नाहीत. आई साठीच्या पुढं, अजून विड्या वळते, दोघं कुंभारीच्या विडी घरकुलात राहतात आणि मी लग्न होऊन जुळे सोलापुरात. तो दिवसभर दारात बसतो नाहीतर आईच्या मागं मागं. तिला कारखान्यात विड्या द्यायला जायचं तर त्याला आत ठेवून कुलूप लावून जावं लागतं. परवा म्हणाली, मी गेल्यावर ह्याचं काय गं. राहायची एखादी चांगली संस्था सांगाल का? विचारताना पण पाप केल्यासारखं वाटतंय.
– एक बहीण

उत्तर : पाप-बिप काही नाही, पहिलं ते डोक्यातनं काढा. पण संस्थेचं नाव मी आज सांगत नाही, रागावू नका. पत्र दोनदा वाचलं आणि माझी नजर त्या कुलपावरच अडकली बघा. आधी ते कुलूप निघालं पाहिजे, संस्थेचं मग बघू.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं पाचवं कलम आहे, त्यात सरळ लिहिलंय की दिव्यांग माणसाला चारचौघांसारखं समाजात राहायचा हक्क आहे, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती नको, आणि घरी येऊन मदत करणारा माणूस वगैरे सेवा त्याला मिळाल्या पाहिजेत. कागदावर लई छान आहे. घरकुलातल्या गल्लीपर्यंत काही ते पोचलेलं नाही, म्हणून अर्धं आपणच उभं करायचं आणि अर्धं सरकारकडनं ओढून आणायचं.

माझ्या मावसभावाचं सांगते. अशोक चौकाच्या बाजूला राहायचे ते, शेजारी टॉवेलचा घरगुती कारखाना, चारच लूम. तिथल्या मालकीणबाईंनी त्याला घड्या घालायला बसवला आणि पहिले पंधरा दिवस नुसता गोंधळ, एक घडी मोठी एक बारकी. मग मावशीनं घडीच्या मापाचा पुठ्ठा कापून दिला, तो टॉवेलवर ठेवायचा, त्याच्यावर दुमडायचं आणि पुठ्ठा ओढून काढायचा. डझन मोजता येत नव्हतं तर फरशीवर खडूनं 12 चौकोन आखले, सगळे भरले की झाला डझन. एक दिवस कुणीतरी फरशी पुसली आणि चौकोन गेले, हा हातात टॉवेल घेऊन दुपारपर्यंत तसाच बसून! मग ऑइल पेंटनं चौकोन काढले, ते अजून आहेत. ह्याला मोठ्या भाषेत समुदाय आधारित पुनर्वसन म्हणतात, 1978 च्या आल्मा-आटाच्या आरोग्य परिषदेनंतर जागतिक आरोग्य संघटनेनं ही कल्पना पुढं आणली, मावशीला ह्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं.

तुमच्या भावाला काय जमतं ते मला इथनं कसं कळणार, म्हणून आठ दिवस आईला सांगा की तो कधी उठतो, कशात रमतो, कधी चिडतो ते तुम्हाला रोज रात्री फोनवर सांगायचं, तुम्ही वहीत लिहा. मग गल्लीतलं काम शोधा, किराणा दुकानात पुड्या लावणं, पाण्याचे जार पोचवायला सोबत जाणं, काहीही. फक्त विडीच्या सुपापाशी बसवू नका, तंबाखूत अजून एक जीव नको. आणि कामाचे पैसे त्याच्या हातात मिळाले पाहिजेत, थोडे असले तरी. 'टाइमपास होतो ना त्याचा' म्हणून फुकट राबवून घेणारे भेटतात, त्यांना तिथंच नमस्कार करायचा.

आई कारखान्यात जाते तेवढ्या वेळापुरत्या शेजारच्या दोन-तीन घरांशी बोला, प्रत्येकीनं आठवड्यातनं दोनदा एक तास. कुणी अक्का हो म्हणतीलच, पण नुसतं 'लक्ष ठेवा' म्हणून सोडू नका. त्याला संडासला लागली की तो काय खूण करतो, कशाला घाबरतो, गोळी कुठली कधी, हे तिला समोर बसवून दाखवा. दार उघडं राहील एवढं मात्र बघा, माणूस कितीही ओळखीचा असू दे. ह्यात भिडस्तपणा नको.

आता सरकारी बाजू. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आधी ते. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला. ग्रामपंचायत असो की महापालिका, स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं त्यांना बंधनकारक आहे, तेव्हा ग्रामसभेत उभं राहून विचारा यंदा कशावर खर्च केले, एकट्या जाऊ नका, अशी अजून दोन-तीन घरं गल्लीत निघतीलच. निरामय म्हणून दिव्यांगांचा सरकारी आरोग्य विमा आहे, त्यात वर्षाला 1 लाखापर्यंत कव्हर आहे आणि थेरपी, ओपीडीचा खर्चही मर्यादेत बसतो.

आणि सगळ्यात जास्त राहून जाणारं म्हणजे पालकत्व. मूल 18 चं झालं की आईसुद्धा कायद्यानं आपोआप पालक राहत नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमून देते. आई धडधाकट आहे तोवर हे करून घ्या, पुढं तुमचं नाव कसं लावायचं तेही तिथंच विचारून ठेवा. आणि त्याला महिन्यातनं दोन रात्री तुमच्याकडं झोपायला आणत जा, आईविना झोपायची सवय आत्तापासून लागू दे. पुढं संस्था बघायची वेळ आलीच तर तेव्हा मला परत लिहा.

प्रश्न : आमच्या मंडळानं वर्गणीतनं समाजमंदिराला रॅम्प केला, फोटो पाठवलाय. दीड फूट चौथरा, पाच फूट रॅम्प, वर चकचकीत टाइल्स. पण व्हीलचेअरवाले दोघंही येत नाहीत. का?
– मंडळाचा खजिनदार

उत्तर : अहो दादा, ही घसरगुंडी झाली! एक फूट उंचीला 12 फूट लांबी धरायची, म्हणजे तुम्हाला 18 फूट पाहिजे. जागा नसेल तर मधे सपाट टप्पा देऊन वळवा. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना रेलिंग, आणि त्या टाइल्स काढून खरखरीत फरशी टाका. पुन्हा बांधायच्या आधी त्या दोघांना बोलावून आखणी दाखवा, मागच्या वेळी विचारलं नसणार हे फोटोवरनंच कळतंय. आणि रॅम्पच्या तोंडाशी गाड्या लावू नका की ओ, तीन मोटरसायकली दिसतायत मला.