मैदानावर फारसे न चमकलेले डग पीडरसन यशस्वी प्रशिक्षक कसे झाले?

अमेरिकन फुटबॉलमध्ये पीडरसन यांनी क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) म्हणून सुरुवातीपासून खेळलेल्या १७ सामन्यांपैकी त्यांचा संघ केवळ ३ जिंकला, हे खरे आहे. परंतु माझ्या मते त्यांची खरी शिकवणी सीमारेषेबाहेर उभे राहून पाहिलेल्या सामन्यांत झाली.

१९९१ मध्ये व्यावसायिक संघांच्या वार्षिक निवड प्रक्रियेत कोणीही न घेतलेला हा खेळाडू मायामीच्या संघात नामांकित क्वार्टरबॅक डॅन मरिनो यांचा आणि पुढे ग्रीन बे पॅकर्समध्ये ब्रेट फार्व्ह यांचा राखीव गडी होता. फार्व्ह यांनी १९९२ पासून सलग २९७ सामने सुरुवातीपासून खेळले, म्हणजे राखीव खेळाडूने कोणती आशा धरावी! तरीही अशा खेळाडूला दर आठवड्याला सगळ्या चाली पाठ कराव्या लागतात, प्रतिस्पर्ध्याच्या बचावाच्या चित्रफिती पाहाव्या लागतात आणि मुख्य खेळाडूला काय दिसले नाही हे त्याला दुखावू न देता सांगावे लागते. यातला शेवटचा भाग प्रशिक्षकाचाच आहे.

१९९९ मध्ये प्रशिक्षक अँडी रीड यांनी पीडरसन यांना फिलाडेल्फिया ईगल्स संघात नेले, ते नवखे क्वार्टरबॅक डोनोव्हन मॅकनॅब यांची तयारी होईपर्यंत जागा सांभाळण्यासाठी. प्रेक्षकांची हुर्यो सोसत ९ सामने झाल्यावर ती जागा गेली. निवृत्तीनंतर त्यांनी लुइझियानातील एका शाळेच्या संघाला ४ वर्षे शिकवले आणि मग २००९ मध्ये रीड यांच्याच हाताखाली अगदी खालच्या पदावरून सुरुवात केली.

२०१६ मध्ये ते ईगल्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुख्य क्वार्टरबॅक कार्सन वेन्ट्झ जायबंदी झाले आणि संघाची धुरा राखीव निक फोल्स यांच्याकडे आली. पीडरसन यांचे आक्रमण समन्वयक (आक्रमणाच्या चाली आखणारे सहायक प्रशिक्षक) फ्रँक राइक हेही जन्माचे राखीव क्वार्टरबॅक, ज्यांनी जानेवारी १९९३ मध्ये ३-३५ अशा पिछाडीवरून बफेलो संघाला जिंकून दिले होते. फोल्स यांची मनःस्थिती ज्यांना समजावून सांगावी लागत नव्हती, असे दोघे त्यांच्या पाठीशी होते. ४ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यू इंग्लंडविरुद्धच्या अंतिम सामन्यात (सुपर बोल), मध्यंतराला काही सेकंद उरले असताना, चौथ्या म्हणजे शेवटच्या प्रयत्नात किक मारून ३ गुण घेण्याऐवजी फोल्स यांनीच एक फसवी चाल सुचवली आणि पीडरसन यांनी तत्काळ होकार दिला. त्या चालीत एरवी चेंडू फेकणारा क्वार्टरबॅकच चेंडू झेलायला धावला. ईगल्सनी तो सामना ४१-३३ असा जिंकला. खेळाडूचे ऐकण्याची ही सवय मला त्यांच्या डावपेचांपेक्षा महत्त्वाची वाटते.

अर्थात हा अनुभव कायमचा पुरला नाही. २०२० च्या हंगामात केवळ ४ विजय मिळाल्यावर ईगल्सनी त्यांना काढले. पुढे जॅक्सनव्हिल संघाचे प्रशिक्षक म्हणून पहिल्याच वर्षी ०-२७ वरून बाद फेरीचा सामना ३१-३० असा जिंकला, पण दोन वर्षांनी तिथूनही त्यांना जावे लागले.