कानबाईला ये, पण कॅमेरा सोमवारी काढ

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तू प्रदर्शनासाठी पाठवलेले बेचाळीस फोटो दोनदा पाहिले. एकदा मोबाइलवर, मग नातवाच्या लॅपटॉपवर मोठे करून. नजर आहे तुझ्याकडे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना फार लागणार नाही.

बेचाळिसातले एकोणीस फोटो म्हाताऱ्या माणसांच्या सुरकुत्यांचे आहेत. मोजले मी. सुरकुत्या कोणाच्याही चेहऱ्यावर छान उठतात, बाजूने ऊन आलं की झालं, त्यात आपलं कर्तृत्व काही नसतं. ती आजी कोण, कुठे बसली आहे, तिच्या मागे चूल आहे का रेशनचं दुकान, काही कळत नाही. बाहेरून येणारे मोठमोठ्या लेन्सवाले हेच करतात. सातपुड्यातल्या पाड्यावर जायचं, धूर, अनवाणी पाय, नाकाला शेंबूड आलेलं पोर एवढं टिपायचं आणि परत यायचं. त्याच पाड्यावर कुडाच्या घरावर डिश असते, पोरं एका मोबाइलभोवती गोळा होऊन क्रिकेट बघत असतात. ते चौकटीबाहेर ठेवायला फोटोग्राफर दोन पावलं बाजूला सरकतो. मीही सरकलो आहे, म्हणून ठाऊक आहे. तू सरकू नकोस. डिश येऊ दे फोटोत. वाघदेवाची पूजा करणारा माणूस पिकाचा भाव मोबाइलवर बघतो, यात त्याला काही विसंगत वाटत नाही. आपल्याला का वाटावं?

तू भोंगऱ्याबद्दल विचारलं आहेस. जरूर जा. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्याशी जिथे जिथे बाजार भरतो, तिथे तिथे भोंगऱ्या असतो. शिरपूर, शहादा, चोपडा, यावल या सगळ्या पट्ट्यात. मोठमोठे ढोल, बासऱ्या, साखरेचे हार-कंगन, डाळ्या, गूळ, खजूर. आता गंमत बघ. या बाजाराचे फोटो दरवर्षी छापून येतात आणि खाली ओळ असते की इथे मुलं-मुली जोडीदार निवडून पळून जातात. आदिवासी संघटना वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत की बाबांनो, हा होळीच्या खरेदीचा बाजार आहे, पूजेचं सामान घ्यायला माणसं येतात. तरी ओळ बदलत नाही, कारण ती ओळ खपते. म्हणून फोटोखाली काय लिहायचं ते तिथल्याच माणसाला विचारून लिही, आणि बाजारातच लिही. घरी येऊन लिहिलं की हात आपोआप त्या जुन्या ओळीकडे जातो. पानाचा विडा खाणाऱ्या पावरा आदिवासी मुलीचा फोटो काढलास आणि खाली भलतंच छापून आलं, तर बोलणी तिला बसतात, तुला नाही.

सातपुड्यातल्या काठी गावची राजवाडी होळी पहाटे पेटते. रात्रभर नाच असतो. अंगावर राखेची नक्षी, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरू बांधलेले बुध्या दिसतील. ते त्याआधी काही दिवस पालनी करतात, म्हणजे नेम पाळतात, खाटेवर बसत नाहीत, अंघोळ करत नाहीत. त्यांना 'जरा इकडे बघ, पुन्हा नाच' असं सांगणाऱ्यांची आता तिथे रांग असते. त्या रांगेत उभी राहू नकोस. मोरपिसांचे टोप काढून ठेवून माणसं शेकोटीशी बसतात तेव्हाचा फोटो मी अजून कुणाकडे चांगला पाहिलेला नाही. फ्लॅश मात्र घरी ठेवून जा.

फ्लॅशवरून माझी एक चूक सांगतो. 1994 सालची. स्टुडिओ तेव्हा नवा होता आणि आपण पासपोर्ट फोटोपुरते नाही हे जगाला दाखवायची घाई झाली होती. एका यात्रेत एका बाईच्या अंगात आलं. केस मोकळे, डोळे फिरलेले, दोघी जणी दंडाला धरून. मी दोन हातांवरून तीनदा फ्लॅश मारला. फोटो जबरदस्त आला. एका वर्तमानपत्राला दिला, त्यांनी तो अंधश्रद्धेवरच्या लेखासोबत छापला. पंधरा दिवसांनी तिचा मुलगा स्टुडिओत आला. मला वाटलं, भांडायला आला. त्याने घडी घातलेलं पान काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, "साहेब, याची निगेटिव्ह केवढ्याला द्याल?"

मी तशीच दिली. त्याने ती उजेडाकडे धरून पाहिली, खिशात घातली आणि गेला. पण पानं तर गावभर पोचली होती.

अंधश्रद्धेविरुद्ध लिहू नये असं माझं म्हणणं नाही. लिहावं, कडक लिहावं. पण त्यासाठी एखाद्या बाईचा चेहरा पुरावा म्हणून चिकटवू नये. ती बाई रोज निंदायला जायची, बचत गटाचा हिशोब सांभाळायची. मी तिचं अर्धं मिनिट उचललं आणि गावाने तेवढंच लक्षात ठेवलं. तेव्हापासून अंगात आलेल्या माणसाचा फोटो मी काढत नाही. हा माझा नेम आहे, तू तुझा ठरव. मात्र तो यात्रेला जायच्या आधी ठरव. ढोल वाजायला लागला की ठरवणं होत नाही.

बारागाड्यांचे फोटो तू काढलेस, त्यातला एक चाकांच्या समोरून आहे. तो पाहून मी तुला फोनच करणार होतो. एकापाठोपाठ बांधलेल्या गाड्या, वर माणसं खच्चून भरलेली, पुढे त्या ओढणारा भगत आणि त्याच्या दोन्ही बाजूंना त्याचे साथीदार, बगले. त्या गाड्यांना ब्रेक नसतो. पुढच्याला ठेच लागली तरी मागच्या थांबत नाहीत. यावर जास्त लिहीत नाही. बाजूच्या ओट्यावर चढायचं आणि तिथूनच काढायचा.

आता तुझा सगळ्यात चांगला फोटो. खापरावरचे मांडे करणारी बाई. चुलीचा उजेड खालून, खापराचा काळा घुमट, आणि तिच्या दोन्ही हातांवर तो मांडा कोपरापर्यंत पसरलेला, इतका पातळ की आतलं पुरण दिसतं. मी तो फोटो बराच वेळ पाहत होतो. आणि मग मला दिसलं की तिचा पदर खांद्यावरून घसरला आहे. मांडा हातावर असताना बाईला काही म्हणता काही करता येत नाही. पदर सावरता येत नाही, तोंड फिरवता येत नाही, 'नको' म्हणून हातही हलवता येत नाही, कारण हात हलला की मांडा फाटतो. नेमक्या त्याच वेळी तू बटण दाबलंस. मुद्दाम नाही, मला माहीत आहे. पण पुढच्या वेळी पीठ तिंबताना जाऊन बस. दोन मांडे नुसते बघ. तिसरा तिने खापरावर टाकला आणि हात मोकळे झाले, की विचार. ती पदर खोचेल, एखादी केस सारखे करेल, आणि म्हणेल, 'काढ आता.' मग जो फोटो येईल तो कदाचित यापेक्षा थोडा साधा असेल. तो तिच्या घरातल्या चार माणसांसमोर ठेवता येईल.

आमच्या चाळीसगावला केकी मूस नावाचे मोठे फोटोग्राफर होऊन गेले, 1912 ते 1989. स्टेशनजवळ त्यांचं घर आहे, आता तिथे संग्रहालय आहे. एकदा जाऊन ये. या माणसाने आयुष्याचा मोठा काळ त्या घरात कोंडून घेऊन काढला आणि टेबलावर वस्तू मांडून फोटो केले. तुझं काम याच्या अगदी उलटं, तुला रस्त्यावरच जायचं आहे. मग मूसांच्या घरी कशाला पाठवतो? तिथे गेल्यावर कळेल, प्रत्येक वस्तू कुठे ठेवायची हे त्यांच्या हातात होतं. सगळं. तुझ्या हातात फक्त आपण कुठे उभं राहायचं एवढंच आहे, आणि ते मांडणीइतकंच जपून ठरवायचं असतं. तू फार उभ्याने काढतेस. खेड्यात निम्मं आयुष्य जमिनीवर बसून चालतं. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड घालणं, शेंगा फोडणं, भजन, पंगत. तूही बस.

लेन्सचं विचारलं होतंस. 35 एमएमची एक घे आणि दोन वर्षं दुसरी घेऊ नकोस. लांबची लेन्स असली की माणसाशी बोलावं लागत नाही, हाच तिचा तोटा. बाकी मोबाइलवर काढलास तरी माझी हरकत नाही.

पण प्रिंट काढ. हे मात्र मी हट्टाने सांगतो. व्हॉट्सॲपवर पाठवला म्हणजे दिला असं होत नाही. तो पोराच्या फोनवर जातो, फोन पडतो, फुटतो, संपलं. मॅक्सी साइजची कॉपी काढायची, मागे पेनने गाव, तारीख आणि शक्य तर तिथी लिहायची, आणि हातात नेऊन द्यायची. तेही लवकर.

2004 साली दिवाळीनंतरची वेचणी चालू होती. तापीकाठच्या एका शेतात एक बाबा कापसाच्या गाठोड्याला टेकून बिडी ओढत बसले होते. मी कॅमेरा वर केला तर म्हणाले, "मना फोटू काय काढस? मी काय देव शे का?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर असे हसले की बिडी पडली. तेवढ्यात मी बटण दाबलं. छत्तीसचा रोल होता, अकरा फोटो शिल्लक होते. रोल संपल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही ही माझी कंजुषी. तो संपला फेब्रुवारीत. मग लग्नसराई लागली. कॉपी घेऊन मी गेलो तो आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला.

घरात घागर भरलेली होती, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलेलं. पितरांना ताट वाढत होते. भिंतीवर बाबांचा फोटो, हार घातलेला, कपाळावर कुंकवाचं बोट. निवडणूक ओळखपत्रावरचा मोठा करून आणलेला. त्यात ते पोलिसाने पकडून आणल्यासारखे दिसत होते. घरात त्यांचा दुसरा फोटोच नव्हता. माघ महिन्यात गेले म्हणे.

मी पाकीट त्यांच्या बायकोच्या हातात दिलं. ती फोटो घेऊन दारापाशी उजेडात गेली. मला वाटलं होतं, आता तो भिंतीवरचा काढून हा लावतील. मुलगा तसं म्हणालाही. आजी म्हणाली, "हासता माणूसले हार कसा घालू?" आणि तिने तो कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत नेऊन ठेवला. ताट मग त्या घाबरलेल्या फोटोसमोरच ठेवलं गेलं.

मी बाहेर येऊन ओट्यावर बसलो. आधी आला असतात तर त्यांनीच पाहिला असता, असं मुलगा दोनदा म्हणाला. रागाने नाही, सहज. त्यानंतर मी रोल अर्धा असला तरी धुवायला टाकायला लागलो. आमच्या लॅबवाल्याने मला वेड्यात काढलं.

तर तुझ्या त्या एकोणीस सुरकुत्यांच्या कॉप्या काढून या महिन्यातच वाटून ये. कुणाला कोणता दिलास ते वहीत लिहून ठेव. एखादी आजी 'हा नको, मी फार म्हातारी दिसते' म्हणाली, तर तो फोटो प्रदर्शनातून काढ, कितीही चांगला असला तरी. आणि ती नव्याने काढून दे म्हणाली, साडी बदलून, हात गुडघ्यावर ठेवून, ताठ बसून, तर तसा काढून दे. तुला तो रटाळ वाटेल. तिला तसाच हवा असतो. आमच्या स्टुडिओत पंचवीस वर्षं माणसं तशीच बसली.

आणि श्रावणात इकडे ये. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या भाऊबंदांत कानबाई, आमची खान्देशातली देवी, बसते. मी पुरुष माणूस, रात्री बायका गाणी म्हणत जागतात तेव्हा ओसरीवरून जे दिसेल तेवढंच इतकी वर्षं काढत आलो. नारळाला नथ घालून, डोळे रेखून तिचं बाईमाणूस करताना त्या काय बोलतात, कशावर हसतात, हे माझ्याकडच्या एकाही निगेटिव्हमध्ये नाही. तुला आत बसू देतील. पण रविवारी कॅमेरा पिशवीतून काढू नकोस. केळीचे खांब धर, फुलं ओव, दळण झालेलं असेल तर चाळून दे, कोण कोणाची सून आहे ते समजून घे. सोमवारी सकाळी चौरंग डोक्यावर घेऊन त्या नदीकडे निघतील, वाटेत फुगड्या घालतील, तेव्हा काढ. तोवर निम्म्या जणी तुला नावाने हाक मारत असतील.

कानबाईच्या प्रसादाचे रोट तुला मिळणार नाहीत, ते कुळाबाहेर देत नाहीत. वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्यासाठी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी वेगळी करायला काकूला सांगून ठेवलं आहे. येताना ती मांडेवाल्या बाईची कॉपी घेऊन ये, दोन काढ. एक तिची, एक मला दाखवायला. आणि पदराचं मी म्हणालो ते तिला सांगू नकोस, फोटो तेवढा तिच्या हातात दे आणि ती काय म्हणते ते मला येऊन सांग.

तुझा
काका