दाट झाडीतली पहिली शर्यत: खर्च कशावर करायचा आणि सराव कशाचा

मोटोक्रॉसच्या, म्हणजे उड्या असलेल्या मातीच्या मोटरसायकल ट्रॅकवर तुमचा वेग चांगला आहे, पण झाडीत शिरलं की मागचे सगळे पुढे निघून जातात, वीस मिनिटांत हात भरून येतात, आणि दोन तासांची पहिली हेअर स्क्रॅम्बल (झाडीतल्या वाटेवर फेऱ्या मारायची शर्यत) दोन महिन्यांवर आली आहे. सायलेन्सर बदलू की सस्पेन्शन, असं तुम्ही विचारलंय. सायलेन्सरला अजिबात हात लावू नका. दाट झाडीत इंजिनची ताकद कमी पडत नाही, ती वापरायला जागाच मिळत नाही. वेळ जातो तो प्रत्येक वळणाशी जवळजवळ थांबून पुन्हा सुटण्यात.

हात भरून येण्याचं कारणही तेच आहे. ट्रॅकवर जोरात सुटायचं आणि जोरात ब्रेक मारायचा, ही सवय अंगात मुरलेली असते. झाडीत दोन वळणांमध्ये सरळ वाट मिळते जेमतेम दहा-पंधरा मीटर. तेवढ्यात थ्रॉटल पिळून कमावलेला वेग लगेच ब्रेकमध्ये घालवायचा, फोर्क (पुढचं सस्पेन्शन) दबला की सगळं वजन मनगटांवर घ्यायचं, आणि हे मिनिटाला कितीतरी वेळा करायचं. कुठलाही हात दमेल. त्याऐवजी एक गिअर वरचा ठेवा. बहुतेक ठिकाणी दुसरा पुरतो. क्लचवर एक बोट कायम असू द्या, थ्रॉटल थोडा उघडा ठेवा आणि वेग क्लचने कमीजास्त करा. गाडी गुडघ्यांनी धरा, हातांनी फक्त वळवा. सुरुवातीला हळू चालल्यासारखं वाटेल, म्हणून घड्याळ लावून बघा.

दुसरी गोष्ट नजर. झाडाकडे पाहिलंत की गाडी झाडाकडेच जाते, त्यामुळे झाड मोजायचंच नाही, दोन झाडांमधली फट पाहायची. आणि एका फटीत चाक शिरायच्या आत नजर पुढच्या फटीवर गेलेली हवी. थकवा आला की नजर आपोआप पुढच्या मडगार्डवर उतरते, आणि पडापड तिथूनच सुरू होते. शेवटच्या अर्ध्या तासात स्वतःला मुद्दाम ‘वर बघ’ असं सांगावं लागतं, अगदी मोठ्याने सांगितलं तरी चालेल.

हँडलबारबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण झाडीत शरीरापेक्षा बारच जास्त आपटतो. मोटोक्रॉसचा बार साधारण ८०० मिमी रुंद असतो. झाडीत चालवणारे बरेच जण तो ७४० ते ७६० मिमीपर्यंत कापतात. एकदम कापू नका, दोन्ही टोकांकडून पाच-पाच मिमी करत या, आणि आधी लिव्हर व ग्रिप आत सरकवायला जागा आहे का ते पाहा. पूर्ण वेढा असलेले अ‍ॅल्युमिनियमचे हँडगार्ड हवेतच. नुसत्या प्लॅस्टिकच्या ढालीने बोटं वाचत नाहीत. उजवं टोक झाडाला लागलं तर बार उजवीकडेच ओढला जातो, म्हणजे गाडी झाडावरच जाते. डावीकडे निसटू, हा हिशोब चुकीचा ठरतो. फट हँडलबारपेक्षा जेमतेम रुंद असेल तर वेग उतरवा, बार किंचित वळवून एक टोक आधी पार करा आणि लगेच उलट वळवून दुसरं काढा. ही हालचाल घराबाहेर दोन खांब रोवूनही शिकता येते.

सस्पेन्शनसाठी पैसे घालवायच्या आधी क्लिकर, म्हणजे त्याचा कडकपणा कमीजास्त करायचे स्क्रू, फिरवा. उड्यांसाठी कडक ठेवलेला फोर्क प्रत्येक मुळावर पुढचं चाक बाजूला फेकतो. कॉम्प्रेशन (दबतानाचा कडकपणा) तीन-चार क्लिक सैल करा, मागचा सॅग, म्हणजे तुम्ही बसल्यावर गाडी मागे जितकी दबते ते अंतर, १०० ते १०५ मिमीच्या आसपास आणा आणि चालवून पाहा. जाड ट्यूब असेल तर १२ ते १४ पीएसआय हवा ठीक. मूस (ट्यूबऐवजी टायरमध्ये घालायचा फोम) असेल तर पंक्चरची चिंताच नाही. खरा खर्च करायचाच असेल तर तो मागच्या स्प्रॉकेटवर (चेनच्या दातेरी चाकावर) करा, दोन-तीन दात वाढवले की दुसरा गिअर झाडीत खऱ्या अर्थाने वापरता येतो. रेडिएटर गार्ड आणि इंजिनखालची संरक्षक स्किड प्लेट हीसुद्धा चैन नव्हे. मंद वेगात गाडी तापते, तेव्हा कूलंट आदल्या दिवशीच तपासा.

ओली मुळं शक्यतो काटकोनात ओलांडा, आणि चाक मुळावर असताना ना ब्रेक ना थ्रॉटल. ओंडका असेल तर क्लचच्या झटक्याने पुढचं चाक वर ठेवा, ते पलीकडे गेलं की थ्रॉटल सोडा, मागचं चाक आपोआप चढून येतं. वळणावर पाय बाहेर काढायची सवय मात्र जपून वापरा. पाल्याखाली खुंट असतो आणि तो घोटा धरतो.

शर्यतीचे नियम आधी वाचा. अमेरिकेतल्या जीएनसीसी या झाडीतल्या शर्यतींच्या मालिकेप्रमाणे अनेक ठिकाणी इंजिन बंद ठेवूनच सुटावं लागतं, त्यामुळे गरम आणि गार, दोन्ही अवस्थांत एका झटक्यात सुरू करायचा सराव ठेवा. पहिल्या वळणावर सगळे एकाच फटीत घुसतात, तिथे चार जागा गेल्या तरी जाऊ द्या. वाट चुकलात तर जिथे सुटली तिथेच परत या. मागून वेगवान कोणी आला तर एकदम बाजूला वळू नका, आपल्या रेषेतच चालत राहा आणि पहिल्या मोकळ्या जागी वाट द्या. कोणी पडून जखमी असेल तर थांबायचंच. मागून येणाऱ्यांना लांबूनच दिसेल अशी आपली गाडी उभी करा आणि पुढच्या चेकपॉइंटवर निरोप धाडा. निकालाचं काय ते नंतर बघता येतं.

पाठीवर दीड-दोन लिटर पाण्याची पिशवी घ्या आणि तहान लागायच्या आधी, पहिल्या फेरीपासूनच घोट घ्या. पिटमध्ये (इंधन-दुरुस्तीसाठी थांबायच्या जागी) जादा गॉगल आणि कोरडे हातमोजे ठेवा. टाकी किती वेळ पुरते हे सरावातच मोजून घ्या.

सरावासाठी जमीनमालकाची परवानगी काढून झाडीत तीन-चार मिनिटांची फेरी आखा. एक फेरी फक्त दुसऱ्या गिअरवर, एक पुढच्या ब्रेकला न शिवता, एक पूर्ण उभ्याने. मग जीव तोडून एक आणि आरामात एक फेरी मारून दोन्हींची वेळ लिहून ठेवा. फरक तुम्हाला वाटतो त्यापेक्षा खूप कमी निघेल. आठवड्यातून एकदा दीड तास न थांबता चालवा.

गाडी टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक, आणि सध्या मागच्या स्प्रॉकेटला किती दात आहेत ते कळवा. गिअरिंगचं नेमकं मग सांगतो.