आईचा फोन रीसेट करू नका

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. सात महिन्यांपूर्वी आई गेली, तुम्ही सहा भावंडं चार देशांत, आणि लवकरच सगळे एकत्र जमणार आहात. तेव्हा आईबद्दल कुणी बोलायचं, कुणी लिहायचं यावरून कुरबुर चाललीय, "बाबा तर तिचा विषय निघाला की उठून आत जातात" असं लिहिलंयत. पण त्यातच जाता जाता एक ओळ आहे, "आईचा फोन नुसताच पडून आहे, दादा म्हणतो रीसेट करून भाचीला देऊ."

थांबा! बाकी सगळं नंतर. दादाला आत्ता फोन लावा, तिकडे रात्र असली तरी लावा.

अहो आपण बाहेर राहणाऱ्यांची आई निम्मी आवाजातच होती ना, वर्षातून तीन आठवडे समोर आणि बाकी सगळं वर्ष कानाला. आणि तोच आवाज पुसायला निघालात? रागावतेय असं वाटेल, पण मी हे भोगलंय. आम्ही पाच भावंडं. आई मला हाक मारायची तर आधी वरच्या तिघांची नावं, मग माझं, मग "अगं तूच गं, कळलं ना!" व्हॉइस नोटमध्येही तसंच, रेकॉर्डिंग सुरू झालंय की नाही ते तिला कळायचं नाही म्हणून आधी "बोलू का आता? बोलू?" आणि मागे बाबांचं खोकणं. ती गेल्यावर महिन्याभरात घरातल्याच कुणीतरी चांगल्या मनाने फोन साफ करून देऊन टाकला. माझ्याकडे एकच नोट उरली, अकरा सेकंदांची. आता आईचा आवाज आठवायला बसलं की तेवढे अकरा सेकंदच कानात येतात, बाकीचा आवाज गेला तो गेलाच.

तर आता काय करायचं. व्हॉट्सअ‍ॅप १२० दिवस वापरलं नाही की अकाउंट साधारणपणे डिलीट होतं, तुमचे ते दिवस उलटून गेलेत, पण फोनमध्ये जे साठलंय ते अ‍ॅप काढेपर्यंत राहतं, म्हणून अ‍ॅपला हात लावायचा नाही. शिवाय तिने तुम्हाला पाठवलेलं तुमच्या फोनमध्ये आहेच, सहा जणांकडे सहा तुकडे आहेत. प्रत्येकाने आपापल्या चॅटमधल्या नोट्स बाहेर काढून एका ठिकाणी ठेवा आणि त्याची कॉपी दुसरीकडेही. तिचं गूगल अकाउंट असेल तर तिथेही बघा, दोन वर्षं कुणी उघडलं नाही तर गूगल ते फोटोंसकट काढून टाकू शकतं. फाइलला नाव देताना नुसती तारीख नको, "धाकटीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी" असं काहीतरी लिहा, नाहीतर दहा वर्षांनी नातवंडांना कळणार कसं.

आणि बाबा. त्यांना "आईबद्दल दोन शब्द बोला" म्हणू नका हो, कुठला नवरा असा बोलू शकेल, पन्नास वर्षांचा संसार दोन शब्दांत कसा मावेल. एक नोट लावा आणि विचारा, "बाबा, ही कुणावर ओरडतेय?" माझे बाबा वर्षभर गप्प होते, त्या अकरा सेकंदांनी बोलते झाले. "माझ्यावरच," म्हणाले, आणि मग तासभर थांबले नाहीत. मी गुपचूप रेकॉर्ड केलं, नंतर त्यांना सांगितलं. रागावले नाहीत.

भाषण कुणी करायचं? कुणीही करा, सहाही जणांनी करा. मुलांना मराठी येत नाही म्हणालात, त्यांना आजीचा आवाज ऐकू दे, अर्थ तुम्ही सांगा. दागिन्यांच्या वाटणीचं मात्र बाबा असतानाच सगळ्यांसमोर बोलून मोकळे व्हा.

दादाने फोन उचलला की आधी एवढंच सांगा, तो चार्जिंगला लाव. आणि पासवर्ड बाबांना माहीत असेल, विचारा.