महाधमनीच्या जंतुसंसर्गात शस्त्रक्रिया टाळता येते का?

यवतमाळजवळच्या खेड्यातील आपल्या काकांच्या पोटातील महाधमनीत ‘मायकोटिक अ‍ॅन्युरिझम’ (जंतुसंसर्गाने धमनीच्या भिंतीला आलेला फुगा) आढळला असून नुसत्या प्रतिजैविकांच्या इंजेक्शनांवर भागेल का, असे आपण विचारले आहे. बहुधा भागत नाही. डॉक्टर विल्यम ऑस्लर यांनी १८८५ मध्ये दिलेले हे नाव बुरशीचे असले तरी कारण बहुतेकदा स्टॅफिलोकोकस किंवा साल्मोनेला हे जीवाणू असतात. ते धमनीची भिंत पोखरतात आणि फुगा अचानक फुटू शकतो.

शस्त्रक्रियेत सडलेला भाग निरोगी ऊतीपर्यंत कापून काढतात आणि मग त्याच जागी रिफॅम्पिसिन या प्रतिजैविकात भिजवलेली कृत्रिम नळी किंवा मांडीतील खोल शीर जोडतात, अथवा दूषित जागा टाळून काखेतील धमनीपासून जांघेपर्यंत कातडीखालून नवी वाट काढतात. जोडलेली नळी पोटातील चरबीच्या पडद्यात, लेकरू गोधडीत गुंडाळावे तशी, गुंडाळतात. त्या पडद्याचा भरपूर रक्तपुरवठा जंतूंना आवर घालतो. जांघेतून स्टेंट (धमनीच्या आतून बसणारी आधाराची नळी) बसवणे सोपे, पण संसर्ग आतच राहतो, म्हणून तो प्रामुख्याने अतिशय अशक्त रुग्णांसाठी.

प्रतिजैविके त्यानंतरही साधारण सहा आठवडे किंवा अधिक काळ लागतात. पाठीत वा पोटात एकाएकी तीव्र कळ आली, तर तालुक्याला सोनोग्राफीची वाट न पाहता १०८ ला फोन करून रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद असलेल्या नागपूरच्या रुग्णालयात हलवण्याची व्यवस्था करावी.