चालू डेअरी प्लांटच्या आवारातली रिकामी जमीन: आधी पाणी मोजा, मग प्लॉट पाडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुका सहकारी दूध संघाचा रोज 1 लाख लिटरचा प्लांट 14 एकरांत आहे, बांधकाम आणि रस्ते मिळून 6 एकर वापरात आहेत. उरलेल्या 8 एकरांवर दुकानगाळे, पेट्रोल पंप की निवासी प्लॉटिंग, यावर संचालक मंडळात तीन मतं आहेत.

तिन्ही मतांत एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे 8 एकर मोकळी आहे. माझ्या मते ती तेवढी मोकळी नाही. त्याचं कारण सातबाऱ्यावर दिसणार नाही. ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात सापडेल. ते आज काढा आणि सांडपाण्याची विल्हेवाट कुठे लिहिली आहे ते वाचा. प्रक्रिया केलेलं पाणी स्वतःच्या जमिनीवर बागेला किंवा पिकाला द्यायचं, असं लिहिलेलं असेल आणि पुढे एकरांचा आकडा असेल, तर तुमची 'रिकामी' जमीन हा ईटीपीचाच, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेचाच, भाग आहे.

हिशेब करून बघा. डेअरीसाठी सांडपाण्याची कायदेशीर मर्यादा 1 लिटर दुधामागे 3 लिटर आहे. नीट चालवलेला प्लांट दीड लिटरच्या आत राहू शकतो. दीड धरलं तर 1 लाख लिटरला रोज 150 घनमीटर पाणी. जमिनीवर रोज सरासरी 5 मिलिमीटर पाणी जिरतं किंवा उडून जातं असं धरलं, तर 150 भागिले 0.005 म्हणजे 30,000 चौरस मीटर, जवळपास साडेसात एकर. तुमची 8 एकर इथेच संपली. काळ्या जमिनीत 5 मिलिमीटरही जास्त होतात आणि पावसाळ्यात तर जमीन पाणी घेतच नाही, म्हणून साठवण तलावाची जागा वेगळी धरावी लागते. या जमिनीवर गाळे बांधले की पाणी नाल्यात जातं, नाल्यातून विहिरीत जातं आणि मग मंडळाची नोटीस येते. पाणी पिण्याच्या स्रोताला मिळत असेल तर बीओडीची (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) लिटरमागे 100 मिलिग्रॅमची मर्यादा 30 पर्यंत खाली आणली जाऊ शकते, हेही लक्षात असू द्या.

म्हणजे जमीन मोकळी करायची तर आधी पाणी कमी करावं लागेल. पहिला पैसा त्यावर घाला. सीआयपीचं (यंत्रं न उघडता आतून धुण्याची पद्धत) शेवटचं धुणं पुढच्या फेरीच्या पहिल्या धुण्याला वापरा, होजपाइपांना बंद होणारे नोझल लावा, क्रेट वॉशरचं पाणी फिरवा. ईटीपीनंतर वाळूचा फिल्टर, कार्बन फिल्टर आणि अल्ट्राफिल्ट्रेशन बसवून ते पाणी शीतकरण यंत्रणेच्या अमोनिया कंडेन्सर आणि कूलिंग टॉवरच्या भरणीला द्या. दुधाला किंवा दूध लागणाऱ्या भांड्यांना मात्र कधीच नाही. पनीर, चक्का करत असाल तर व्हे, म्हणजे त्यातून उरणारी निवळी, वेगळी गोळा करा. व्हेचा बीओडी लिटरमागे 30,000 मिलिग्रॅमच्या पुढे असतो, ती गटारात सोडली तर ईटीपी बसलाच म्हणून समजा. यातून 60 घनमीटर वाचले तर 90 उरतात, म्हणजे साडेचार एकर पुरतात. संमतीपत्रात तसा बदल करून घेतल्यानंतरच बाकीच्या जमिनीला हात लावा. क्रम उलटा झाला तर अडचणीत गाळेधारक येत नाही, संघ येतो.

उरले साडेतीन एकर. त्यातला एक एकर टँकरसाठी ठेवा. पुष्टकाळात, म्हणजे जास्त दुधाच्या महिन्यांत, आवक फुगते, टँकर वजनकाट्यापासून रस्त्यापर्यंत उभे राहतात आणि मोठ्या टँकरला वळायला 12 मीटरच्या आसपास त्रिज्या लागते. अर्धा एकर पुढच्या वाढीला ठेवा: ईटीपीची दुसरी टाकी, बॉयलरच्या ब्रिकेटचं (जळणाच्या कांड्यांचं) शेड. खरी शिल्लक दोन एकर, आणि ती रस्त्याकडेची असावी.

आता कागद. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 (हस्तांतरावर निर्बंध असलेली जमीन) असेल, किंवा जमीन सरकारने डेअरीच्या प्रयोजनासाठी दिली असेल, तर मूळ वाटपाचा आदेश शोधा. प्रयोजन बदलायला आणि भाड्याने द्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि बहुधा नजराणा लागेल. इतर हक्कात कुठल्या बँकेचा बोजा आहे का ते पहा. बोजेदाराच्या लेखी संमतीशिवाय भाडेपट्टा करू नका. एनए (अकृषिक) आदेश औद्योगिक असेल तर व्यापारी वापर त्यात बसत नाही. उपविधी तपासा, सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या, दुग्ध विभागाकडच्या निबंधकांची मान्यता घ्या. आराखडा मंजूर करताना 4,000 चौरस मीटरच्या पुढच्या भूखंडाला 10 टक्के खुली जागा सोडावी लागते, ती दोन एकरांच्या तुकड्यात सोडता की संपूर्ण 14 एकरांत दाखवता, हे वास्तुविशारदाबरोबर आधीच ठरवा.

जमिनीखाली काय आहे हे नकाशावर मिळेल या भरवशावर राहू नका. ऑपरेशन फ्लडच्या ('दूध महापूर' योजनेच्या) काळातले प्लांट असतील तर जुने गाळाचे खड्डे, फर्नेस ऑइलची टाकी, शोषखड्डे बुजवलेले असतात. एकरी किमान दोन चाचणी खड्डे तीन मीटरपर्यंत खोदा. बुजवलेल्या गाळावर पाया घातला तर तो खचतोच; मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. कच्च्या पाण्याची लाइन, ईटीपीकडे जाणारी लाइन आणि एचटी (उच्च दाबाची) केबल जागेवर खुणा करून घ्या. जुन्या शेडचे अॅस्बेस्टॉसचे पत्रे फोडू नका, अख्खे उतरवा.

तुमच्या तीन पर्यायांपैकी निवासी प्लॉटिंगला माझा ठाम विरोध आहे. रात्री औद्योगिक भागाला आवाजाची मर्यादा 70 डेसिबल आहे, निवासी भागाला 45. कॉम्प्रेसर, कंडेन्सरचे पंखे आणि पहाटे तीनचे टँकर 45 मध्ये बसणार नाहीत. घरं नंतर आली असली तरी तक्रार प्लांटवरच येते, आणि अमोनिया गळला तर हाकेच्या अंतरावर लहान मुलं असतील.

पेट्रोल पंप चालू शकतो. शाळा, 10 खाटांचं रुग्णालय आणि निवासी क्षेत्रापासून 50 मीटर अंतराचा निकष आहे. खरी भीती भूजलाची आहे: तुमची बोअर उताराच्या खालच्या अंगाला असेल तर पंप नको, कारण एका गळतीत पाण्याचा स्रोत जातो.

गाळे काढायचे तर वेगळं गेट, वेगळी भिंत, महावितरणचं वेगळं मीटर. संघाची वीज भाडेकरूला विकता येत नाही. हॉटेल, कोंबडीचं दुकान, भंगार यांना देऊ नका. उंदीर, माश्या आणि धूर एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) तपासणीत तुमच्या खात्यावर लिहिले जातात.

माझी पसंती गोदामाला. दोन एकरांत 2,000 चौरस मीटरचं गोदाम आणि ट्रक वळायला जागा आरामात बसते. पशुखाद्य ठेवणार असाल तर ते दूध उतरवण्याच्या डॉकपासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा. भुशीची धूळ आणि बुरशी तिकडे जाता कामा नये. शीतगृह केलं तर त्याची रेफ्रिजरेशन यंत्रणा वेगळी करा, भाडेकरूची लाइन आपल्या अमोनियाला जोडू नका. मालसाठवणुकीसाठी दिलेल्या गोदामाच्या भाड्यावर 1961 च्या आयकर कायद्यात कलम 80पी(2)(इ) खाली सहकारी संस्थेला वजावट होती. आता नवा कायदा आल्याने तिची स्थिती सीएकडून तपासा.

भाडेपट्टा नोंदणीकृतच करा आणि त्यात हे लिहून घ्या: प्लांट चोवीस तास चालतो, वास, आवाज आणि टँकरची ये-जा भाडेकरूला मान्य आहे, पोटभाडेकरू ठेवता येणार नाही, पाइपलाइनच्या पट्ट्यावर बांधकाम होणार नाही, आणि संघाला वाढीसाठी जागा लागल्यास 12 महिन्यांच्या नोटिशीवर ती परत मिळेल.